लॅपटॉपवरून पोस्टग्रेस लागतं, त्याच मशीनवरून लागत नाही (फ्रीबीएसडी, पीएफ)

पर्वतीपायथा:
नारायण पेठेत बाबांचं ऑफिस आहे तिथे जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून ठेवलंय, दोन जेल (एकाच मशीनवरचे वेगळे कप्पे) आहेत, एकात बिलिंगचं अ‍ॅप आणि दुसऱ्यात पोस्टग्रेस डेटाबेस, दोघांचे आयपी आरई-झिरो या नेटवर्क कार्डावरच. गुरुवारी लाईट गेली (पुणेकरांना गुरुवार समजावायला नको), यूपीएसची बॅटरी कधीच मेलीय, मशीन परत चालू झालं आणि तेव्हापासून अ‍ॅप पोस्टग्रेसला कनेक्टच होत नाहीये. एरर पण लगेच येत नाही, नुसतं लटकतं आणि मग टाइमआउट. लॅपटॉपवरून मात्र ५४३२ ला (पोस्टग्रेसचा पोर्ट) पटकन लागतं. पीएफच्या (फायरवॉलच्या) नियमांच्या फाइलमध्ये वर ब्लॉक इन ऑल, म्हणजे आत येणारं सगळं अडव, खाली आरई-झिरोवर ५४३२ पास. दोन आठवडे त्या फाइलला हात लावलेला नाही.

रात्रपाळी:
पीएफ बंद करून बघ, चाललं तर तोच चोर.

पर्वतीपायथा:
बंद केल्यावर चालतंय! मग तसंच ठेवू का?

लकडीपूल:
अगं चालू कर आधी. दोन्ही जेल एकाच मशीनवर आहेत ना, मग आयपी आरई-झिरोवर दिसला तरी पॅकेट कार्डापर्यंत जातच नाही, पत्ता आपलाच आहे म्हटल्यावर कर्नल ते लूपबॅकवरून, म्हणजे मशीनच्या आतल्या आत फिरणाऱ्या एलओ-झिरो इंटरफेसवरूनच फिरवतो. तुझा पास आरई-झिरोपुरता, त्यामुळे ते ब्लॉकमध्ये अडकतं. लॅपटॉपचं पॅकेट खरंच केबलमधून येतं म्हणून त्याला काही होत नाही. खात्री करायची तर ब्लॉकच्या ओळीत लॉग टाक, पीएफलॉग सर्व्हिस चालू कर आणि टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारी कमांड) -e देऊन पीएफलॉग-झिरोवर लाव, इंटरफेसचं नाव दिसेल.

पर्वतीपायथा:
हो, ब्लॉक इन ऑन एलओ-झिरो, धडाधड येतंय. आणि आता आठवलं, दोन आठवड्यांपूर्वी फाइल साफ करताना एलओ-झिरोची पासची एक ओळ मीच उडवली होती, म्हटलं हा कोण. पण त्यानंतर दोन आठवडे चाललं की, ते कसं?

लकडीपूल:
तिथेच मजा आहे. नवीन फाइल लोड केली तरी जुनी स्टेट, म्हणजे आधी पास झालेल्या कनेक्शनच्या नोंदी, जागेवर राहतात, आणि पॅकेट स्टेटशी जुळलं की पीएफ नियम वाचतच नाही. अ‍ॅपने कनेक्शन उघडून धरून ठेवलं असणार, चालू टीसीपी कनेक्शनचं स्टेट डिफॉल्टला २४ तास अगदी गप्प राहिलं तरच उडतं, इथे तर क्वेऱ्या चालूच. स्टेट टेबल मेमरीत, लाईट गेली तसं तेही गेलं.

फाइलमध्ये सेट स्किप ऑन एलओ-झिरो टाक, म्हणजे पीएफ एलओ-झिरोला वगळेल. फक्त मग जेल-जेलमधलं पीएफ काहीच तपासणार नाही, ते चालणार नसेल तर तुझी जुनी पासची ओळच परत आण. आणि पुढच्या वेळी नियम बदलले की पीएफसीटीएल कमांडने स्टेट्स फ्लश (रिकामी) करून लगेच टेस्ट कर, पण ऑफिसात बसून, कारण एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) पण तुटतं आणि २२ चा, म्हणजे एसएसएचच्या पोर्टचा, नियम चुकला असेल तर परत आत जाता येत नाही. मी एकदा घरून केलंय, रात्री अकराला भर पावसात कात्रजहून शिवाजीनगर.

रात्रपाळी:
आणि बॅटरी घ्या हो.

पर्वतीपायथा:
जुनी ओळ परत टाकली, लागलं. बॅटरीचं बाबांना सांगितलं, म्हणाले आता चालतंय ना, मग कशाला.