जर्मन लाईनच्या जहाजाला अरबी नाव कसं? हापाग-लॉइड एवढी वाढली कशी?

अजनी_ते_न्हावाशेवा
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका फॉरवर्डरकडे (निर्यातदारांचा माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणारी कंपनी) डॉक्युमेंटेशनला आहे, दीड वर्ष झालं. भंडारा-गोंदियाचा तांदूळ, हिंगणघाटकडचं सूत असा माल असतो, मिहानच्या डेपोतून डबे (कंटेनर) रेकवर, म्हणजे मालगाडीवर, चढतात आणि न्हावाशेवा बंदराला जातात. परवा बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनी मालासाठी देते ती पावती) ड्राफ्ट तपासताना लाईन, म्हणजे जहाज कंपनी, हापाग-लॉइड आणि जहाजाचं नाव ‘अल’ने सुरू होणारं, मला वाटलं कोणीतरी चुकीचं टाकलंय, म्हणून बुकिंग उघडून पाहिलं तर बरोबर होतं. मग शोधत बसलो तर कंपनी १८४७ ची निघाली, म्हणजे इंग्रजांनी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं त्याच्याही आधीची! एवढी जुनी कंपनी आज जगात पाचव्या नंबरवर आहे म्हणतात. ही स्वतःची जहाजं बांधत वाढली की दुसऱ्या कंपन्या घेत? कोणी नीट सांगेल का, मला खरंच समजून घ्यायचंय.

धंतोली_एक्झिम
भाऊ, चूक नाही ती. तू जे नाव पाहिलं ना, त्यातच अर्धं उत्तर आहे.

आधी जुनं पटकन सांगतो. हॅम्बुर्गची हापाग १८४७ ची, ब्रेमेनची नॉर्डडॉयचर लॉइड १८५७ ची, दोघीही युरोपातून अमेरिकेला जाणारी माणसं नेत होत्या. दोन्ही महायुद्धांनंतर त्यांची जहाजं हातची गेली, शून्यातून उभं राहावं लागलं, तेही दोनदा. १९६८ मध्ये दोघींनी मिळून अमेरिकेच्या मार्गावर कंटेनर जहाजं चालू केली, कारण कंटेनर जहाजं, क्रेन, डबे हा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, आणि १९७० मध्ये एकत्रच झाल्या.

आता खरी वाढ. २००५ मध्ये कॅनडाची सीपी शिप्स घेतली, तेव्हा मालक होती टूई, ती पर्यटनवाली कंपनी. ते रोख पैसे देऊन घेणं होतं. त्याच्यानंतरचे दोन मोठे सौदे मात्र वेगळे आहेत आणि माझ्या मते खरी हुशारी तिथंच आहे. २०१४ मध्ये चिलीच्या सीएसएव्हीचा कंटेनर धंदा घेतला (ती कंपनी पण १८७२ ची बरं का), पण रोख न देता स्वतःचे ३० टक्के शेअर देऊन. २०१७ मध्ये युनायटेड अरब शिपिंग, म्हणजे यूएएससी, जी आखाती देशांनी १९७६ मध्ये मिळून काढली होती, तीही तशीच, म्हणून आज कतार आणि सौदीचे सरकारी फंड हापागचे भागीदार आहेत. यूएएससीकडे १८-१९ हजार टीईयूची (एक टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा) नवीकोरी जहाजं होती पण भाड्याचे दर पडलेले, हापागकडे गिऱ्हाईक होतं पण एवढी मोठी जहाजं नव्हती. म्हणजे दोघांची गरज जुळली.

म्हणून नावं बघत जा. ‘एक्सप्रेस’ असेल तर सहसा हापागचं स्वतःचं वळण, ‘अल’ असेल तर बहुतेक यूएएससीचं, आणि कोक्रेन, कोर्कोवादो असं काही दिसलं तर चिलीकडून आलेलं.

सक्करदरा_८१
वरचं सगळं बरोबर, पण एक मोठी गोष्ट राहिली राजेहो. २००८ मध्ये टूई ही कंपनी विकायला निघाली होती आणि सिंगापूरची नेपच्यून ओरिएंट घ्यायला तयार होती. तेव्हा हॅम्बुर्ग शहरानं, म्हणजे तिथल्या सरकारनं, आणि क्लाउस-मिशाएल क्यूने या लॉजिस्टिक्सवाल्या उद्योगपतीनं बाकीच्यांना घेऊन पैसे लावले आणि कंपनी शहरातच ठेवली. त्या गटाला नाव दिलं अल्बर्ट बालिन, हापागला मोठं करणारा जुना संचालक होता तो. लगेच २००९ ची मंदी आली आणि सरकारी कर्जहमी मागायची पाळी आली, तरी कोणी हात सोडला नाही. आज क्यूने ३० टक्के, सीएसएव्ही ३० टक्के, हॅम्बुर्ग शहर जवळपास १४ टक्के आणि उरलेल्यातला बराचसा कतार-सौदी. शेअर बाजारात २०१५ मध्ये आली पण मोकळे शेअर फारच थोडे आहेत. अशा मालकांना दर तिमाहीला घाई नसते, मला तर वाढीचं मुख्य कारण हेच वाटून राहिलं.

मग कोविडात दर चढले आणि २०२२ मध्ये नफा झाला सुमारे १७ अब्ज युरो. त्या काळात आपल्याकडच्या निर्यातदारांना रिकामा डबा मिळत नव्हता हेही विसरू नका, माझा स्वतःचा सुताचा माल मिलमध्ये पडून होता, ती लाईन वेगळी होती पण सगळीकडे हेच चालू होतं आणि बँकेचं व्याज काही थांबत नव्हतं.

धंतोली_एक्झिम
@सक्करदरा_८१ मान्य. त्या पैशातून बंदरं घेतली त्यांनी. २०२३ मध्ये आपल्याकडच्या जे. एम. बक्षी पोर्ट्समध्ये मोठा हिस्सा घेतला. म्हणजे आता भारतात नुसतं जहाज नाही तर टर्मिनल, आयसीडी (बंदरापासून दूर, आत असलेले डब्यांचे डेपो), रेल्वे यातही त्यांचा पाय आहे. आपल्यासारख्या न्हावाशेवापासून आठशेच्या आसपास किलोमीटर आत असलेल्यांसाठी ही गोष्ट जहाजाच्या आकारापेक्षा महत्त्वाची आहे.

तांदूळ_गोंदिया
आमचं ध्यान एवढ्यावरच असते की जहाज दिलेल्या तारखेला येते का नाही. इथून रेक सुटली आन् तिकडे जहाज चार दिवस लेट झालं तर डबा यार्डात पडून राहते, गिऱ्हाईक फोन करकरून जीव घेते. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात हापागच्याच अल जसरा जहाजावर हल्ला झाला, मग युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दहा-चौदा दिवस जास्तीचे. फेब्रुवारी २०२५ पासून मेर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीसोबत जेमिनी नावाचा करार चालू आहे, मोठं जहाज मोजक्याच बंदरांत थांबते आन् बाकी माल छोट्या जहाजानं पोचवते, ९० टक्क्यांच्या वर वेळ पाळायचं त्यांनी ठरवलं आहे. मले हे जहाजं वाढवण्यापेक्षा मोठं काम वाटते. फक्त एक पाहून ठेवजा, मधात डबा एका जहाजावरून दुसऱ्यावर चढतो, त्यामुळं गिऱ्हाइकाला पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही जहाजांची नावं कळवत जा.

अजनी_ते_न्हावाशेवा
सगळ्यांचे मनापासून आभार. अल जसरा वाचून थांबलो, कारण अल म्हणजे यूएएससीचंच की ते! आज दुपारी जुन्या फायली काढल्या आणि दीड वर्षातल्या हापागच्या बीएलवरची जहाजांची नावं एका वहीत उतरवली, ‘एक्सप्रेस’ सगळ्यात जास्त, त्याखालोखाल ‘अल’, आणि एक कोर्कोवादो पण सापडलं.