एलएस-6 शेव्हेल की हेमी कुडा?

बिगब्लॉक: 1970 साली जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांच्या इंजिनांवरची 400 क्यूबिक इंचांची मर्यादा उठवली आणि शेव्हर्लेने शेव्हेल एसएसमध्ये (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट) 454 इंचांचं इंजिन बसवलं. त्या इंजिनाच्या एलएस-6 या प्रकाराची ताकद 450 हॉर्सपॉवर. प्लिमथच्या हेमी कुडाची, म्हणजे 426 इंचांचं हेमी इंजिन बसवलेल्या बाराकुडाची, 425. तरी लिलावात कुडाच कितीतरी महाग! माझ्या मते हा सगळा नावाचा महिमा आहे. चालवायला घ्यायची तर शेव्हेलच.

हेमीवाला: त्या आकड्यांवर जाऊ नका हो. तेव्हा ताकद ग्रॉस मोजायचे: इंजिन स्टँडवर, गाडीचा सायलेन्सर वगैरे काही न जोडता. हेमीचे 425 तर कमी करूनच सांगितलेले, असं मानणारे पुष्कळ आहेत. आणि हे इंजिन आलं रेसिंगमधून. 1964च्या डेटोना 500 शर्यतीत पहिले तीनही नंबर 426 हेमीच्या गाड्यांचे होते.

बिगब्लॉक: डेटोना राहू द्या, रस्त्यावरचं बोला. पाव मैलाला दोघींनाही तेरा-साडेतेरा सेकंद लागतात, टॉर्क शेव्हेलचा 500, कुडाचा 490 फूट-पाउंड. शिवाय हेमीचे दोन-दोन कार्बोरेटर जुळवत बसा.

हेमीवाला: आणि एलएस-6चे टॅपेट कोण सेट करणार? त्यात व्हॉल्व्ह उघडणारे लिफ्टर सॉलिड आहेत, त्यांचं अंतर अधूनमधून हाताने जुळवावं लागतं. 1970च्या हेमीत आपोआप जुळणारे हायड्रॉलिक लिफ्टर आले, ती कटकट मिटली.

चॅसिसनंबर: दोघांचंही भांडण बॉनेटखाली अडकलंय. किंमत ठरते ती गाडी अस्सल आहे हे दाखवता येतं का, यावर. हेमी कुडाच्या चॅसिस नंबरातच इंजिनाचं अक्षर असतं. 1970चा हार्डटॉप (पक्क्या छताची गाडी) म्हणजे नंबराची सुरुवात बीएस23आर. त्यातला ‘आर’ म्हणजे हेमी. शेव्हेलच्या नंबरावरून कळतं फक्त व्ही-8 आहे एवढंच. गाडी एसएस आहे की नाही हेसुद्धा नाही! त्यामुळे साध्या शेव्हेल मालिबूला पट्टे आणि बिल्ले चिकटवून ‘एलएस-6’ म्हणून खपवणारे आहेत. कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवलं याचा कागद, सापडली तर नशीब. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबराचा शिक्का बघा म्हणतात, पण शिक्के नव्याने मारता येतात. त्यात संख्येचा फरक: एलएस-6 साधारण साडेचार हजार बनल्या, तर 1970च्या हेमी कुडा हार्डटॉप साडेसहाशेच्या आसपास आणि कन्व्हर्टिबल फक्त 14. 1971ची कन्व्हर्टिबल त्याहून दुर्मिळ. तिच्यातली एक 2014मध्ये सिएटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली.

बिगब्लॉक: म्हणजे लोक गाडी नाही, कागद विकत घेतात! 35 लाखांची कन्व्हर्टिबल कोण दामटणार?

चॅसिसनंबर: कोणीच नाही. म्हणून तर म्हणतो, चालवायचीच असेल तर कागद नसलेली शेव्हेल घ्या, पण साध्या गाडीच्या भावात. एसएस म्हणून जास्तीचा एक डॉलर देऊ नका.

हेमीवाला: हे ऐकून एलएस-6वाले गप्प कसे?

बिगब्लॉक: गप्प नाही. माझ्या ओळखीतल्या एकाकडे बिल्ड शीटसकट एलएस-6 आहे. बोला, आता काय भाव लावता?