मदत हवी आहे: ‘तीन चालींत मात’ची कोडी तपासायला कोणता प्रोग्राम वापरावा?

प्यादं पुढे:
नमस्कार मंडळी. सांगलीत मुलांचा बुद्धिबळ वर्ग घेतो. वर्गासाठी कोड्यांची छोटी पुस्तिका काढायची आहे: दोन, तीन आणि चार चालींत मात. शे-दीडशे कोडी जमली आहेत, बरीचशी जुन्या मासिकांच्या कात्रणांतून. छापायला देण्याआधी प्रत्येक कोडं संगणकाकडून तपासून घ्यायचंय. मात सांगितलेल्या चालींत होते का, त्याआधीच होत नाही ना, आणि पांढऱ्याची पहिली चाल एकमेव आहे ना, एवढंच हवंय. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आमची पोरं वस्ताद आहेत. ‘सर, अशीपण होते’ म्हणत दुसरीच चाल घेऊन येतात आणि तास तिथेच संपतो.

सध्या लॅपटॉपवर अरीना (पट दाखवणारा प्रोग्राम) आणि त्यात स्टॉकफिश हे खेळणारं इंजिन. तो आधी ‘सहा चालींत मात’ म्हणतो, मग पाच, मग चार. बहुतेक वेळा तीनवर येतो. पण एका कोड्यात रात्रभर चारवरच बसून राहिला. कात्रणात मात्र ‘तीन चालींत’ असं स्वच्छ छापलंय.

कुणीतरी पॉपाय हा कोडी सोडवणारा प्रोग्राम सुचवला म्हणून तोही उतरवला. अरीनातली एफईएन (पटाची मांडणी लिहिलेली ओळ) उचलून त्यात टाकली, तर गडी तीन चालींचं कोडं दोनातच सोडवून मोकळा! उत्तर बघितलं तर घोडा बी१ वरून एका उडीत डी५ वर. हे कुठलं बुद्धिबळ?

चेस्ट आणि गुस्ताव अशीही नावं ऐकली आहेत. कोणी वापरलंय का? माझा लॅपटॉप जुना आहे, आणि पैसे भरून काही घ्यायची तयारी नाही.

उंटावरचा शहाणा:
स्टॉकफिशच पुरेसा आहे हो. जगातलं सर्वांत ताकदवान इंजिन. दोन-तीन चालींची मात त्याला काय अवघड? मल्टीपीव्ही (एका वेळी किती चाली दाखवायच्या तो आकडा) वाढवा, दुसऱ्या चालीही दिसतील. पॉपाय वगैरे शौकीन लोकांचे उद्योग.

अडीच घरं:
शहाणे, ताकदीचा इथे संबंध नाही. स्टॉकफिश डाव जिंकायला बनवलाय, कोडं तपासायला नाही. जिंकणाऱ्याला एक चांगली चाल पुरते, ती तीनात मारते की पाचात याचं त्याला सुतक नसतं. वेळ वाचवायला तो वाटेतल्या फांद्या छाटत जातो. ‘मी चाल न करता पास दिला तरी माझं बरंच आहे ना? मग ही फांदी पुरे’ ही त्याची एक युक्ती. शांत दिसणाऱ्या चाली उथळ बघायच्या, ही दुसरी. आता कोडी कशी असतात बघा. पहिली चाल बहुधा शांत, ना शह ना मारामारी. आणि काळा कित्येकदा मरतो तो केवळ त्याला चाल करणं भाग असतं म्हणून. म्हणजे नेमक्या ज्या जागी कोड्याचा जीव असतो तिथेच याची कात्री चालते. पुरेसा वेळ दिला तर तो बहुतेकदा पोचतो, नाही असं नाही. पण ‘तीनात मात नाही’ असं तो कधीच सिद्ध करत नाही. त्याला सापडली नाही, एवढंच आपल्याला कळतं.

पॉपाय आणि चेस्ट याच्या उलट. ते प्रत्येक शक्यता तपासतात आणि मग ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगतात. ते ‘नाही’ खरं असतं. किंमत वेळेत मोजावी लागते. दोन्हीकडे सरासरी ३० चाली धरा. तीन चालींची मात म्हणजे पाच अर्ध्या चाली (एका बाजूची खेळी म्हणजे अर्धी चाल), ३० चा पाचवा घात, २ कोटी ४३ लाख. आजच्या यंत्राला काहीच नाही. चौथी चाल आली की ९०० नं गुणायचं, २,१८७ कोटी. प्रत्यक्षात हॅश (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवणं) आणि इतर युक्त्यांमुळे काम बरंच कमी होतं, पण चढण कशी आहे ते लक्षात आलं असेल.

आता तुमचा उडता घोडा. पॉपायमध्ये घोड्याचं अक्षर ‘एस’ आहे, जर्मन श्प्रिंगरवरून. ‘एन’ म्हणजे नाइटरायडर, एकाच दिशेनं घोड्याच्या उड्या मारत जाणारा सोंगट्यांतला परदेशी पाहुणा. बी१, सी३, डी५ ही त्याची सरळ रेघ. अरीनाची एफईएन जशीच्या तशी दिलीत म्हणून तुमच्या पटावरचे सगळे घोडे तसे झाले. लहान-मोठे सगळे ‘एन’ बदलून ‘एस’ करा.

प्यादं पुढे:
अरे वा! ‘एस’ केल्यावर ते कोडं तीनातच सुटलं, आणि पहिली चालही एकच. धन्यवाद. पण रात्रभर चारवर बसलेलं दुसरं कोडं पॉपाय दोन सेकंदांत तीनात सोडवतोय. यात तर घोडाच नाही. मग खरं कोण?

अडीच घरं:
पांढरा राजा कुठे आहे? आणि हत्ती?

प्यादं पुढे:
राजा ई१, हत्ती एच१. आत्ता पॉपायचं उत्तर नीट वाचलं. दुसरी चाल कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, दाखवतोय!

अडीच घरं:
मग दोघंही आपापल्या जागी बरोबर. कोड्यांच्या जगात रूढी अशी, की राजा आणि हत्ती मूळ घरात असतील तर कॅसलिंग करता येतं असं धरायचं. त्यातला एखादा आधी हललाय असं स्थितीवरूनच सिद्ध होत असेल तरच नाही. पॉपाय ही रूढी पाळतो. स्टॉकफिश एफईएनमध्ये लिहिलेल्या हक्कांवर चालतो. अरीनात पट मांडताना कॅसलिंगच्या चौकोनांत खूण केली नसणार. ती करा, तोही तीनावर येईल. आँ पासाँचं (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं लगेच मारणं) उलटं आहे: काळ्यानं शेवटची चाल प्याद्याची दोन घरांचीच केली होती असं सिद्ध झालं, तरच पहिल्या चालीला ते चालतं.

जुना हत्ती:
या चर्चेवरून आठवलं. संगणकावर प्रत्यक्ष चाललेला पहिला बुद्धिबळ प्रोग्राम ‘मात’च्या कोड्यांचाच होता. डीट्रिश प्रिन्झ, मँचेस्टर, १९५१, यंत्र फेरांटी मार्क १. फक्त ‘दोन चालींत मात’. त्यात कॅसलिंग नव्हतं, आँ पासाँ नव्हतं, प्याद्याची बढती (शेवटच्या ओळीत पोचून वजीर वगैरे होणं) नव्हती, आणि मात व कोंडी (शह नसताना चालच न उरणं) यांतला फरकही कळत नव्हता. पूर्ण डाव खेळण्याइतका दम यंत्रात नव्हता, म्हणून त्यांनी कोड्यांपासून सुरुवात केली.

चेस्टबद्दल विचारलंत. तो हाइनर मार्क्सेन यांचा. तेच, ज्यांनी ‘बिझी बीव्हर’च्या (छोटा प्रोग्राम थांबण्याआधी जास्तीत जास्त किती चालतो या कोड्याच्या) गणितातही विक्रम केला होता. त्याची चेस्टयूसीआय आवृत्ती अरीनात इंजिन म्हणून बसते, त्यामुळे कमांडच्या काळ्या खिडकीत टाइप करायचा ताप नाही. सरळ ‘मात’च्या कोड्यांना उत्तम. पण स्वमात (समोरच्याला आपल्यावर मात द्यायला भाग पाडणं), सहकारी मात (दोघांनी मिळून घडवलेली मात) असले प्रकार पुढे घ्यायचे असतील तर पॉपायला तोड नाही.

तपासणीला कोडी रचणाऱ्या सॅम लॉइडचं १८६१ चं ‘एक्सेलसियर’ हे कोडं घेऊन बघा. पाच चालींत मात. पांढरा: राजा एच५, हत्ती बी५ आणि ई२, घोडे ए१ आणि एच३, प्यादी बी२, सी२, जी३. काळा: राजा एच१, हत्ती सी८, उंट डी८, घोडा ए८, प्यादी ए३, बी६, बी७, ई३, एफ७, एच७. पहिली चाल बी४. पटावरचं सर्वांत निरुपयोगी वाटणारं प्यादं निघतं आणि मुख्य ओळीत पाचव्या चालीला तेच ए८ वरचा घोडा मारून, बढती घेऊन मात देतं. पोरांना दाखवा, वेडी होतील.

उंटावरचा शहाणा:
मान्य, पण लांबलचक कोड्यांत तुमचे हे सगळं तपासणारे मार खातात. ब्लाथींची कोडी घ्या. तेच ट्रान्स्फॉर्मरवाले हंगेरियन इंजिनिअर. दोनशेहून अधिक चालींत मात! तिथे पॉपाय काय करणार?

अडीच घरं:
काहीच नाही, खरंय. पण तिथे स्टॉकफिशही पन्नास चालींच्या नियमात (मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता पन्नास चाली झाल्या की बरोबरी) अडकू शकतो. आणि एक सांगतो, पटावर सात किंवा कमी सोंगट्या असल्या की लोक सिझिजी टेबलबेस (अशा स्थितींच्या तयार उत्तरांचा साठा) जोडतात. त्यात मात किती दूर आहे ते नसतं. पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती दूर आहे ते असतं. ‘किती चालींत मात’ हवं असेल तर नालिमोव्ह हा दुसरा टेबलबेस, तोही सहा सोंगट्यांपर्यंतच. सांगलीच्या पोरांना यातलं काही लागणार नाही.

प्यादं पुढे:
नाहीच लागणार! माझी जास्तीत जास्त चार चालींची. मग क्रम असा ठेवू का: आधी पॉपाय, शंका आली तर चेस्टयूसीआय?

अडीच घरं:
हो. तीन चालींच्या कोड्याला पॉपायमध्ये आधी स्टिप्युलेशन #२ (‘दोन चालींत मात’ ही अट) देऊन चालवा, काही निघालं तर कोडं बाद. मग #३. त्यात पांढऱ्याच्या जितक्या पहिल्या चाली मात देतात तितक्या सगळ्या येतात. दोन आल्या की तेही बाद. ‘व्हेरिएशन’ पर्याय दिलात तर काळ्याच्या प्रत्येक उत्तराची फांदी दिसते. ‘ट्राय’ दिलात तर फसवी चाल आणि तिला खोडणारी काळ्याची एकमेव चाल. वर्गात शिकवायला हाच सर्वांत कामाचा. चार चालींची कोडी जुन्या लॅपटॉपवर रेंगाळली, तर सुरू करतानाच मॅक्समेम (वापरायच्या मेमरीची मर्यादा) वाढवून द्या आणि रात्री लावून झोपा.