टाळेबंदीत कोणते दुकान अत्यावश्यक होते? बेळगाव सीमाभागातील अनुभव

२४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये काढलेल्या आदेशात उघड्या राहणाऱ्या दुकानांची यादी अगदी थोडक्यात होती: रेशन, किराणा, फळे-भाजीपाला, दूध, मांस-मासळी आणि जनावरांचा चारा. औषधांची दुकाने, बँका, पेट्रोल पंप आणि स्वयंपाकाचा गॅस यांचा उल्लेख त्याच आदेशात वेगळ्या कलमांत आला होता. ही यादी चुकीची होती असे मला वाटत नाही. मात्र ती वस्तूंच्या नावांवरून केलेली होती, आणि ती वस्तू प्रत्यक्ष उपयोगी पडण्यासाठी आणखी कोणाचे शटर उघडे असावे लागते, याचा विचार तीत नव्हता. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात तर नियमही दोन राज्यांचे होते, कारण घर एका राज्यात आणि शेत, बाजार किंवा दवाखाना दुसऱ्या राज्यात, अशी अनेक कुटुंबांची स्थिती आहे.

म्हणून सीमाभागातील मंडळींना एवढेच विचारले, की कोणते दुकान बंद असल्यामुळे तुमचे अडले आणि यादीत काय असायला हवे होते. आलेले अनुभव खाली देत आहे. लिहिणाऱ्यांची नावे मुद्दाम गाळली असून परिसर आणि व्यवसाय तेवढा ठेवला आहे.

मोटार वाइंडिंगचे दुकान, कडोली परिसर

मार्च-एप्रिल हा आमच्याकडे विहिरींचे पाणी खाली जाण्याचा आणि पंपाच्या मोटारी जळण्याचा काळ. त्या वर्षी कोबी, फ्लॉवर आणि मिरची शेतात उभी होती. शेतकरी जळालेली मोटार दुचाकीला बांधून आणत आणि वाटेत अडवले गेले की परत जात, कारण भाजी अत्यावश्यक असली तरी भाजीला पाणी देणारी मोटार त्या यादीत कोणाला दिसत नव्हती. २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने शेतातील कामाला मुभा मिळाली आणि ३ एप्रिलच्या आदेशाने शेती यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांची दुकाने उघडण्यास मान्यता मिळाली. मोबाइलवर आलेली त्या आदेशाची प्रत छापून घ्यावी, तर झेरॉक्सचे दुकान बंद होते. शेवटी मुलीने तो मजकूर वहीच्या पानावर हाताने उतरवला आणि मी तो शटरच्या आतल्या बाजूस चिकटवला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. माझे दुकान उघडले, पण मला लागणारी तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद आणि वार्निश ज्या दुकानांतून येते, ती शहरातील दुकाने इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरची म्हणून बंदच होती. बेअरिंग मिळत होते, कारण ते सुट्या भागांत बसत होते. तार बसत नव्हती. मग मोटार उघडून ज्या कॉइलचा रंग बदललेला नाही त्या तशाच ठेवायच्या, काळ्या पडलेल्या तेवढ्या कापून काढायच्या आणि दुकानात उरलेल्या तारेत भरायच्या, असे काम मी केले. एरवी असे काम आम्ही करत नाही, कारण शेजारची कॉइल जळताना चांगल्या दिसणाऱ्या तारेचे इनॅमलही, म्हणजे तिच्यावरचे आवरणही, तापून ठिसूळ झालेले असते. अशा मोटारींपैकी काही मे महिन्यात पुन्हा आल्या, परंतु तोवर बऱ्याच जणांचे पीक निघाले होते. दुकानाला परवानगी देताना त्या दुकानाला माल कोठून येतो, हेही त्याच कागदावर लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे.

पिठाची गिरण, वडगाव

एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले. ते फार मोठे साहाय्य होते आणि ज्यांच्या घरातील हातमाग-यंत्रमाग थांबले होते, त्यांनी ते अक्षरशः जीव लावून वापरले. पण ज्वारी किंवा गहू घरात असणे म्हणजे भाकरी ताटात असणे नव्हे. सुरुवातीच्या दिवसांत गिरण बंद ठेवण्यास आम्हाला सांगण्यात आले, कारण यादीत तिचे नाव नव्हते. २१ एप्रिलच्या स्पष्टीकरणात शहरी भागातील पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्यांचा नावानिशी उल्लेख आला, तेव्हा कोठे आम्ही उजळ माथ्याने बसू लागलो. त्याआधी काही घरांतून दगडी जाती पुन्हा बाहेर निघाली, आणि ज्यांच्याकडे जातेही नव्हते त्यांनी गहू भिजवून खिरीसारखा शिजवून खाल्ला.

आणखी एक गोष्ट कोणी विचारातच घेतली नाही. एप्रिल-मे हा वर्षाचे तिखट करून ठेवण्याचा काळ असतो. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवून, मसाला भाजून बायका कांडपाला आणतात. पावसाळा लागला की मिरची सादळते आणि ते काम होत नाही. त्यामुळे आमची गिरण मे महिन्यात जितकी आवश्यक असते तितकी ती ऑगस्टमध्ये नसते, आणि हे ठरवण्यासाठी स्वयंपाकघरातील एका बाईला विचारणे पुरेसे होते.

सेवानिवृत्त शिक्षक, अथणी

माझ्या पत्नीला मधुमेह आहे आणि इन्सुलिनची सुई मी टोचतो. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात माझा चष्मा फुटला. औषधाचे दुकान घरापासून जवळ होते, इन्सुलिन मिळत होते, सिरिंज मिळत होती. परंतु सिरिंजवरील बारीक रेघा मला दिसत नव्हत्या. चष्म्याचे दुकान बंद असल्याने शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ दारात उभा राहून डोस भरून देत असे. साथीच्या काळात बाहेरच्या माणसाने आमच्या घरात येऊ नये, हाच सगळ्या बंदीचा हेतू होता, आणि चष्म्याचे दुकान बंद ठेवल्यामुळे नेमके तेच रोज दोनदा करावे लागत होते.

(अनेकांनी ४ मे २०२० रोजी मद्याची दुकाने उघडल्याबद्दल रागाने लिहिले आहे. तो राग मला समजतो, कारण ज्यांचे काम अडले होते त्यांना त्या दिवशीच्या रांगा पाहून अपमान झाल्यासारखे वाटले. परंतु त्या विषयावर पुष्कळ लिहून झाले असल्याने ते मजकूर येथे घेतलेले नाहीत.)

शेतकरी, बाची

बेळगाव-वेंगुर्ला मार्गावर बाची संपली की शिनोळी लागते, म्हणजे आमच्या दृष्टीने पुढचे गाव आणि सरकारच्या दृष्टीने महाराष्ट्र. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कर्नाटकात अत्यावश्यक दुकानांची वेळ सकाळी ६ ते १० होती, तर महाराष्ट्रात ७ ते ११. यादीही वेगळी होती. महाराष्ट्राच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात पावसाळ्याच्या तयारीच्या सामानाची दुकाने अत्यावश्यक धरली होती. ज्याने हे सुचवले त्याला आमच्याकडचा पाऊस माहीत असला पाहिजे. आमच्या बाजूला ताडपत्री विकणारी दुकाने मला बंदच आढळली. गोठ्याच्या छपरावर घालायला ताडपत्री हवी होती आणि वळवाने आधीच एकदा गवताची गंज भिजवली होती. शेवटी शिनोळीत राहणाऱ्या मेहुण्यांनी ताडपत्री घेतली आणि दोघांच्या शेताला लागून असलेल्या बांधावर आणून दिली. जनावरांचा चारा दोन्ही राज्यांच्या यादीत होता, पण तो कोरडा ठेवण्याचे साधन एकाच यादीत होते.

गृहिणी, कागवाड

सासऱ्यांना फिट्सचा आजार असून त्यांच्यावर मिरजेत उपचार चालतात. आमच्याकडील अनेकांचा मोठा दवाखाना म्हणजे मिरजच. औषधांची दुकाने सीमेच्या दोन्ही बाजूंना उघडी होती, मात्र त्यांची गोळी कागवाडात ठेवत नव्हते आणि मिरजेला जाण्याच्या रस्त्यावर नाका होता. फिट्सची गोळी एक दिवसही चुकवून चालत नाही. येथील औषध दुकानदाराने स्वतः डॉक्टरांना फोन लावून खात्री करून घेतली, मिरजेतील ठोक विक्रेत्याशी बोलणे केले आणि मालवाहतुकीला मुभा असल्यामुळे दुधाच्या गाडीतून पुडके मागवले. पुढे त्यांनी कोणाला सीमेपलीकडची कोणती गोळी लागते याची वहीच केली. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

विडी कामगार, निपाणी

मी दुकानात काय घ्यायचे याबद्दल लिहू शकत नाही, कारण घ्यायला पैसेच नव्हते. आम्ही पाने-तंबाखू घरी आणतो, विड्या वळतो आणि हजारावर मजुरी मिळते. विड्या जमा करून घेणारी जागा बंद झाली, तेव्हा किराणा दुकान उघडे असूनही आम्हाला ते बंदच होते. विडी अत्यावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या मुलांनी ती ओढू नये असेच मला वाटते. पण ज्यांचे काम थांबवले त्यांच्या घरी त्याच आठवड्यात काहीतरी पोचायला हवे होते.

भात उत्पादक, जांबोटी-कणकुंबी भाग

आमची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरीस सुरू होते. २०२१ मध्ये बी-बियाण्याचे दुकान उघडे होते, यात शंका नाही, पण वेळ सकाळी दहापर्यंत. बस बंद, वडापच्या प्रवासी जीपगाड्याही बंद. खानापूर गाठेपर्यंत शटर खाली येत असे. गावातील एकाच्या टेम्पोला परवानगी काढून सगळ्यांचे बियाणे एकदम आणले, आणि ज्याला वेगळ्या जातीचे भात हवे होते त्यानेही मिळाले ते पेरले. दुकान उघडे असणे आणि ते आपल्यासाठी उघडे असणे यांत आमच्या भागात चाळीस-पन्नास किलोमीटरचे अंतर आहे.

ग्रामपंचायत सदस्य, उचगाव परिसर

आदेश कन्नडमध्ये येत होते आणि गावातील बहुतेक दुकानदार मराठी वाचणारे. अर्धे गैरसमज तेथेच होत. कन्नड चांगले येणाऱ्या दोन मुलींनी प्रत्येक आदेश मराठीत लिहून गावच्या ग्रुपवर टाकण्याचे काम अंगावर घेतले. त्यानंतर आम्ही गल्लीगल्लीतून विचारून आमची स्वतःची यादी केली आणि पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, सहीने वर पाठवली. गिरण, वाइंडिंग, पंक्चर आणि मोबाइल दुरुस्ती यांना ठरावीक वार मिळाले. चर्मकारांना दुकान उघडता आले नाही, तेव्हा त्यांनी घरच्या ओट्यावर बसून चपला शिवून दिल्या.

यादीत एक बाब आम्हा कोणालाच आधी सुचली नव्हती. एप्रिलमध्ये गावात एक वृद्ध गृहस्थ वारले आणि रात्री कापड व मडके मिळेना. मडके कुंभाराच्या घरून आणले; कापड दुकानदाराला झोपेतून उठवावे लागले आणि पोलीस काय म्हणतील या भीतीने तेही दुकान उघडायला कचरत होते. दुसऱ्या दिवशी त्या दोघांचे फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहिले आणि अंत्यविधीसाठी ते कोणत्याही वेळी दुकान उघडतील असे ठाण्यात लेखी कळवून ठेवले. २०२१ मध्ये पुन्हा सारे बंद झाले, तेव्हा सर्वांत आधी आम्ही तेच पत्र नव्या तारखेने पाठवले.