घरी गाडी दुरुस्त केली आणि मग काटा वर गेला... (तुमचे अनुभव)

घाटमाथ्यावरचा
काल जुन्या रस्त्याने खोपोलीहून वर येत होतो. शिंग्रोबाच्या देवळाअलीकडे एक पोरगा बॉनेट उघडून उभा, आत नुसती वाफ, आणि बायको ओढणीने वारा घालतेय. रेडिएटरला. हसू आलं, आणि मग २००७ आठवलं.

आमची मारुती आठशे. वरचा होज पाईप चिरला होता. गॅरेजवाला 'उद्या बघू' म्हणाला, म्हणून मी आणि अण्णांनी रविवारी सकाळी बिल्डिंगखालीच बदलला. क्लिपा आवळल्या, कूलंट गळ्यापर्यंत भरलं, टोपण लावलं. अण्णा हात धुताना म्हणाले, "तीनशे रुपये वाचले." दुपारी पुण्याला निघालो. खोपोलीपर्यंत झकास. घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. मध्येच धप्पकन खाली यायचा, परत वर. कुठेतरी ऐकलेलं म्हणून मी भर मे महिन्यात हीटर फुल सोडला. आई मागून म्हणाली, "अगंबाई, गार वारा येतोय की, छान!"

खरा इशारा तोच होता, नंतर कळलं. इंजिन तापलंय आणि हीटरमधून गार हवा येतेय, म्हणजे गरम पाणी तिथपर्यंत पोचतच नाहीये. आत हवा धरलीय.

थांबलो. अण्णा हाताला पंचा गुंडाळून टोपण उघडायला निघाले, आईने पंचाच ओढून घेतला. त्यावरून दोघांचं जे वाजलं त्यात पाऊण तास गेला, तेवढ्यात इंजिन निवलं. टोपण उघडलं तर सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या रेडिएटरमध्ये पाणीच दिसेना. बाटलीने ओतत गेलो. दीड लिटर प्यायली!

टाका तुमचे किस्से. घरी केलेल्या दुरुस्तीचेच, गॅरेजवाल्यांच्या तक्रारी नकोत.

पिंट्या_डोंबिवली
आई रॉक्स 😂😂

साधा_माणूस
रेडिएटर काढला, धुतला, बसवला, सगळं केलं. पंख्याचं कनेक्टर लावायचं राहिलं. हायवेला गाडी एकदम थंड, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आली की काटा वर. हायवेला वाऱ्यावर भागत होतं ना! तीन दिवस थर्मोस्टॅटला (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते ती झडप) शिव्या घातल्या, नवा आणलासुद्धा. कनेक्टर समोर लोंबकळत होतं. बायकोला दिसलं.

मीनल_ताई
^^ बायकोलाच दिसतं.

सोलापूरकर
आमचे मामा ट्रकवर होते. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायचे आत, मूठभर. गळती बंद. मी ऐकून ते आमच्या गाडीत केलं. गळती थांबली, हीटरही कायमचा थांबला. बारीक नळ्या चोंदल्या सगळ्या. त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी, क्षाराने आधीच पांढराफटक रेडिएटर. नंतर खोलला तर आत पिवळा चिखल.

पिंट्या_डोंबिवली
सांगलीची राजापुरी टाकली होती की साधी?

सोलापूरकर
गप रे. घरची होती. आईने वर्षभर विचारलं डबा कुठे गेला.

रिटायर्ड_फिटर
माथ्यावरचे साहेब, तुम्ही भरून लगेच टोपण लावलंत तिथेच चुकलं. इंजिन थंड असताना टोपण उघडं ठेवायचं, गाडीचं नाक चढाकडे, म्हणजे हवा वर येते. हीटर फुल गरमवर. चालू करून हळूहळू भरत राहायचं आणि वरचा होज हाताने दाबायचा, बुडबुडे येतात बघा, बुडुक बुडुक. बुडबुडे थांबले, खालचा होजही गरम झाला, पंखा दोनदा लागून बंद झाला की काम झालं. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत बघायचं, थोडं खाली गेलेलं असतं. पण कितीही भरलं तरी बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीची) शंका घ्या. आणि अण्णांना सांगा, टोपणाखाली दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. माझ्या उजव्या हातावर १९८८चा डाग आहे अजून.

घाटमाथ्यावरचा
काका, अण्णा आता नाहीत. पण आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "बघ, मी सांगत होते."

रिटायर्ड_फिटर
अरेरे. वहिनींना नमस्कार सांगा.

कॅलगरीची_शमा
इकडे उलटं. नवरोबांनी उन्हाळ्यात गळतीपायी नुसतं नळाचं पाणी भरत भरत चालवली, विसरले. नोव्हेंबरमध्ये उणे वीस. पाण्याचा बर्फ, इंजिनची बुचं बाहेर. नशीब ब्लॉक नाही फुटला. मोबाईलवरून लिहितेय, पोळ्या करपतायत, पळते.

मनीमाऊ
एक विनंती सगळ्यांना. सांडलेलं कूलंट लगेच धुवा हो. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाते. आमच्या सोसायटीतला मोत्या असाच गेला. थाळीत काढून तशीच ठेवून चहाला जाऊ नका.

मीनल_ताई
😢

नवशिका_०७
काका लोक, मदत करा. परवा घरी थर्मोस्टॅट बदलला. काका म्हणतात तशी हवाही काढली. तरी दहा मिनिटांत गरम. वरचा होज कोमट, खालचा थंडगार. पाण्याचा पंप गेला असेल का?

रिटायर्ड_फिटर
पंपाकडे नंतर. स्प्रिंगची बाजू कुठे ठेवलीस?

नवशिका_०७
बाहेर... रेडिएटरकडे

रिटायर्ड_फिटर
उलटा बसवलास बाळा. स्प्रिंग इंजिनकडे पाहिजे, गरम पाण्यात. नाहीतर तो उघडणार कसा? आणि त्यावर बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेव, हवा तिथून निघते. आज गाडी चालवू नकोस.

साधा_माणूस
घाटात गेला नाहीस ते बरं.

पिंट्या_डोंबिवली
घाटावरून आठवलं, खोपोलीला वडा अजून तसाच मिळतो का? माथ्यावरचे?

नवशिका_०७
काका!!! फिरवून बसवला. वीस मिनिटं चालू आहे, पंखा दोनदा लागला, काटा अर्ध्याच्या खाली. पण एक क्लिप उरलीय हातात 😬