पॉपरची कसोटी खऱ्या विज्ञानाला चालते का?

अवकाळी: विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं (१९०२–१९९४) म्हणणं असं, की आपल्या बाजूचे पुरावे कोणीही गोळा करतो, तुमचा सिद्धांत कशाने खोटा पडेल ते आधी सांगा, तरच ते विज्ञान. १९१९ साली व्हिएन्नात तो मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलरकडे मुलांसाठी काम करायचा. त्याने एका मुलाची हकीकत सांगितली, आडलरने मुलाला न बघताच ती न्यूनगंडात बसवून टाकली. एवढी खात्री कशी? म्हणे, हजार केसेसचा अनुभव! पॉपर म्हणाला, आता एक हजार एक झाल्या. त्याच वर्षी सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन ताऱ्यांच्या प्रकाशाचं, आइनस्टाइनने आधीच सांगितलेलं, वळण मोजत होता. आकडा चुकला असता तर आइनस्टाइन गोत्यात आला असता. विज्ञानाबद्दल इतकं कामाचं विसाव्या शतकात दुसरं कोणी बोललेलं नाही.

खडूफळा: ऐकायला झकास, पण शास्त्रज्ञ असं वागतात कुठे? युरेनसची कक्षा चुकली तेव्हा न्यूटनला कोणी रद्दीत घातलं नाही. खगोलशास्त्रज्ञ लेव्हेरिएने नवा ग्रह कल्पला.

अवकाळी: आणि कुठे बघायचं तेही सांगितलं! १८४६ मध्ये बर्लिनला गाल या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण लावली, नेपच्यून एका अंशाच्या आत सापडला. याहून पॉपरला काय हवं?

खडूफळा: सोयीचं तेवढंच सांगताय. त्याच लेव्हेरिएने बुधासाठी 'व्हल्कन' ग्रह कल्पला, तो मिळालाच नाही. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक १९१५ मध्ये आइनस्टाइनचा सिद्धांत येईपर्यंत तसाच राहिला, तरी न्यूटन शाबूत. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कूनने १९६२ मध्ये हेच दाखवलं: पर्यायी चौकट मिळेपर्यंत जुनी कोणी टाकत नाही.

पंचांगवाली: २००८ मध्ये नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी पुण्यात चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका. मूल हुशार की मतिमंद ते ओळखायचं. ४६ टक्के बरोबर, म्हणजे छापा-काटाच. आता गंमत बघा, ज्योतिष खोटं ठरलं, म्हणजे पॉपरच्या हिशेबाने ते विज्ञान झालं की हो!

अवकाळी: नाही हो ताई. आपटल्यावर तुम्ही काय करता, हेही तो बघतो. पळवाटा काढत बसलात की खेळ संपला.

खडूफळा: मग कसोटी सिद्धांताची राहिली कुठे, ती माणसांच्या वागण्याची झाली! आणि ती लावणारा स्वतः डार्विनवाद तपासता येत नाही असं म्हणत होता. १९७७ मध्ये केंब्रिजच्या भाषणात नैसर्गिक निवडीबद्दलचं मत त्याने बदललं.

अवकाळी: बदललं ना? तेही जाहीरपणे. आडलरने बदललं असतं का?