पहिलं वर्ष संपत आलंय, इंजिनिअरिंग सोडून कृषीला जायचंय. पैशांचं काय होईल?

औसा_ते_संभाजीनगर

नमस्कार. मी औसा तालुक्यातला. छत्रपती संभाजीनगरात खासगी कॉलेजला इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) आलोय. पहिल्या सेमिस्टरला एम-वन (गणित) आणि ग्राफिक्स दोन्ही राहिले. पण खरं कारण ते नाही. मन लागंना. बारावीला असतानाच कृषीला जायचं होतं. अण्णा म्हणाले, शेतीतून बाहेर पडावं म्हणून शिकवायलोय आणि तू परत शेतीच शिकणार?

हिशोब असा: वर्षाची फी ९५,०००. त्यात शिक्षण शुल्क ८४,०००, बाकी डेव्हलपमेंट. ईबीसी (आर्थिक मागासांची शाहू महाराज शिष्यवृत्ती) असल्यामुळं आम्ही ५३,००० भरले, उरलेले ४२,००० सरकारकडून येणार. दुसरा हप्ता अजून आला नाही. शैक्षणिक कर्ज ३ लाख ८० हजार मंजूर आहे, त्यातले ८३,००० उचललेत. खोली आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार.

या वर्षी परत सीईटीचा फॉर्म भरलाय, घरी सांगितलं नाही. इथल्या सेमिस्टर परीक्षेला सहा आठवडे आहेत. आत्ताच सोडून गावी जाऊन सीईटीचा अभ्यास करावा की इथली परीक्षा द्यावी? आत्ता सोडलं तर फीतले काही परत मिळतील का?

येलदरी_बॅकवॉटर

सगळं सोड, एमपीएससी कर.

औसा_ते_संभाजीनगर

दादा, तुमच्यासारखे सल्ले देणारे माझ्या खोलीतच तीन जण आहेत.

बालाघाटचा_कारकून

मी कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

आत्ता सोडून फीतला एक रुपया परत मिळणार नाही. कॅपच्या प्रवेशाला कट-ऑफ तारीख असते. तिच्या आत प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून सगळी फी परत. त्यानंतर फक्त अनामत आणि कॉशन मनी. तुझी तारीख मागच्या वर्षीच गेली.

म्हणजे सोडून वाचत काही नाही, उलट अडकशील. ते ४२,००० आठव. प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या सहीनं हमीपत्र घेतलंय ना, शिष्यवृत्ती आली नाही तर आम्ही भरू असं? परीक्षेला न बसता गेलास की तुझी फाईल पहिली बाजूला पडते, आणि टीसी मागायला येशील तेव्हा त्यातले न आलेले पैसे पुढं ठेवतात. म्हणून हजेरी ठेव, परीक्षा दे. विषय राहिले तरी चालतील, वर्ष पूर्ण झालं पाहिजे.

दुसरी गोष्ट. जुलैत महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) रिन्युअलचा फॉर्म भरा म्हणून कॉलेज मागं लागेल. कृषीचं नक्की होईपर्यंत तो भरू नको. एकदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज पुढं गेला की तो मागं घेताना नाकी नऊ येतात. कृषीला हीच शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, फक्त फॉर्म कृषी विभागाखाली असतो.

मांजराकाठ

मी हेच केलं होतं, पण येड्यागत केलं. दिवाळीला घरी गेलो तो परत गेलोच नाही. कॉलेजला लेखी काही दिलं नाही. जूनमध्ये टीसीला गेलो तर ऑफिसात म्हणाले, तुझी जागा चार वर्षं रिकामी राहणार, उरलेल्या तीन वर्षांची फी भर. माझे वडील हात जोडून उभे राहिले तिथं. ते अजून आठवतं.

नंतर कळलं की असं मागताच येत नाही. ज्या वर्षाला विद्यार्थी आहे तेवढ्याच वर्षाची फी घ्यायची, पुढची नाही. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दोघांचंही तेच म्हणणं आहे. मूळ कागदपत्रंही अडवून ठेवता येत नाहीत. लेखी अर्ज दिला, त्यावर आवक नंबर आणि शिक्का घेतला, यूजीसीच्या ई-समाधानवर तक्रार टाकली. टीसी मिळाला. पण तोवर ऑगस्ट उजाडला होता, कृषीची पहिली फेरी हातची गेली.

तोंडी काही बोलू नको. आणि ऑफिसात एकटा जाऊ नको, पण अण्णांना हात जोडायलाही नेऊ नको.

औसा_ते_संभाजीनगर

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग परीक्षा देतो. पहिल्या वर्षाचे क्रेडिट तरी कृषीला उपयोगी पडतील का? एबीसी (क्रेडिट बँक) आयडी काढलाय.

मांजराकाठ

क्रेडिट बँकेत सात वर्षं राहतात, राहू दे. पण एम-वनचे क्रेडिट घेऊन मृदाशास्त्राच्या तासाला कोण बसू देणार? कृषी म्हणजे परत पहिल्या वर्षापासून पूर्ण चार वर्षं. एक वर्ष गेलं असंच धर.

सोयाबीन_४१००

मी बापाच्या वयाचा आहे, म्हणून कर्जाबद्दल बोलतो. सगळे फीवर बोलायलेत, खरी मेख तिथं आहे.

८३,००० वर साडेनऊ टक्के धरले तर वर्षाला व्याज ७,८०० च्या आसपास. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज सवलत असते, शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष व्याज सरकार भरतं. पण कोर्स मधेच सोडला तर ती सवलत जाते. आजारपणाचं कारण असेल तरच सूट. कृषीला गेलास तरी हा कोर्स सोडला असंच धरतात.

आणि त्या कर्जावर सहकर्जदार कोण? अण्णाच. कॉलेज सोडल्याचं बँकेला कळलं की हप्ते सुरू होऊ शकतात. तुला पत्ता नाही, गावात नोटीस नाही, आणि मे-जूनमध्ये अण्णा पीककर्ज नवंजुनं करायला जातील तेव्हा मॅनेजर म्हणेल, तुमचं सिबिल खराब आहे. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकार कितीदाही सांगो, शाखेत बघतातच. माझ्या चुलत भावाचं झालंय. पोराच्या १४,००० च्या थकबाकीपायी पेरणीला सावकार गाठावा लागला.

म्हणून आधी घरी सांग. पोरानं कोर्स बदलला यापेक्षा बँकेतून कळलं, याचं त्यांना जास्त लागेल. मग दोघं मिळून शाखेत जा. नव्या प्रवेशाचं पत्र आलं की कर्ज नव्या कोर्सवर चालू ठेवता येईल का, ते लेखी विचारा. तोवर पुढचा हप्ता उचलू नका.

बालाघाटचा_कारकून

काकांचं बरोबर आहे. मी फीच्या खिडकीतून बघतो, ते घरातून.

दुसऱ्या वर्षाची फी मात्र कृषीच्या यादीआधीच मागतील. हप्त्यानं भरण्याचा अर्ज दे. पहिला हप्ता गेलाच तर कृषीत नाव लागल्याच्या दिवशीच इथला प्रवेश रद्द करायचा अर्ज टाक, एकही दिवस लावू नको.

औसा_ते_संभाजीनगर

काल आईला सांगितलं. आईनं अण्णांना सांगितलं. अण्णा दोन तास बोलले नाहीत, मग फोनवर एवढंच विचारलं, "लातूरला मिळंल का?"

मी म्हणालो, परभणी, अंबाजोगाई, बदनापूर, लातूर, सगळीकडं भरणार. ते म्हणाले, लातूर मिळालं तर घरून येजा कर.

सोयाबीन_४१००

बापानं अर्धा हिशोब केला बघ. औशाहून लातूर वीस किलोमीटर. विद्यार्थी पास काढलास तर खोली-मेसचे वर्षाचे पन्नास-पंचावन्न हजार वाचले. पण हे शासकीय कॉलेज मिळालं तरच. खासगी कृषी कॉलेजात गेलास तर फीचं ओझं परत तेवढंच, त्यापेक्षा इलेक्ट्रिकलच पूर्ण कर. तिथं ठाम राहा.

मांजराकाठ

पटलं. खासगीत जाण्यापेक्षा दोन विषय काढ आणि तिथंच राहा. उवा झाल्या म्हणून गोधडी जाळत नाहीत. शासकीय मिळालं तर मात्र बिनधास्त ये.

औसा_ते_संभाजीनगर

ठरलं. परीक्षा, मग सीईटी, शासकीय लागलं तरच कृषी. एक बारका प्रश्न राहिला: मेसवाल्याकडं तीन हजार डिपॉझिट आहे, मे महिन्यात मी इथं नसणार. ते परत मिळतं का?

बालाघाटचा_कारकून

महिना सुरू व्हायच्या आत सांग, आणि त्याच्या वहीत लिहून सही घे. एक तारीख उलटली की मे महिन्याचं बिल त्यातूनच वळतं करतात.